ज्याले 'सर' केलं त्यालेच पाच वर्षांत फासावर चढवलं, हा रॉजर केसमेंट होता तरी कोण?

धुऱ्यावरचा पोऱ्या (तालुका दारव्हा)

राम राम मंडळी. आमच्या अभ्यासिकेत कालपासून एक भांडण पेटून हाये, ते तुमच्यापुढं टाकतो. आम्ही सात जण परीक्षेची तयारी करतो, संध्याकाळी लाईन गेली (अन् ते जातेच) की बाहेर ओट्यावर बसून एकमेकाले प्रश्न घालतो. काल एकानं घातला, असा कोणता इंग्रजाचा अधिकारी हाये की ज्याले १९११ साली पाचव्या जॉर्ज राजानं 'सर' केलं अन् १९१६ साली त्याच राजाच्या कोर्टानं फाशी देल्ली. कोणालेच आलं नाई. उत्तर होतं रॉजर केसमेंट.

रात्री मोबाईलवर जेवढं सापडलं तेवढं वाचलं. काँगोत रबरासाठी लोकायचे हात तोडत होते ते यानं उघडं पाडलं, मंग दक्षिण अमेरिकेत जाऊन तसंच दुसरं प्रकरण काढलं, अन् पहिलं महायुद्ध लागल्यावर हा गडी सरळ जर्मनीले जाऊन मिळाला. आता आमचा एक दोस्त हाये, त्याचे बाबा फौजेत होते, तो म्हणते वीस वर्षं ज्याचा पगार खाल्ला त्याच्याच दुश्मनाच्या मांडीवर जाऊन बसला, याले गद्दार नाई तं काय म्हणाचं. मी म्हणलं अबे तो आयर्लंडचा होता, अन् आयर्लंड तवा इंग्रजाच्याच ताब्यात होतं, मंग तुह्या हिशोबानं नेताजी कोण? ते बी जर्मनीले गेलते, ते बी पाणबुडीनंच निघालते. यावर तो म्हणे नेताजींनी आयसीएस पास होऊन बी नोकरी लाथाडली होती, तुह्या केसमेंटनं पेन्शनीलोक नोकरी केली, फरक समज.

इथं मी गप झालो, खोटं कायले बोलू. पैज लागली हाये तर्री पोह्याची, सात प्लेटी. तं मले हे सांगा की कॉन्सल म्हणजे राजदूतच काय, हा काँगोत पोचला कसा, अन् इतका मानमरातब भेटलेला माणूस असा उलटला काहून. अन् ते डायरीचं काहीतरी हाये, ते अर्धे लोकं दबकत लिहितात, अर्धे लिहीतच नाईत.

जुना मास्तर (पुसद)

बेटा, तुझ्या दोस्ताला आणि तुला दोघांनाही अर्धे अर्धे मार्क. इतिहास शिकवण्यात बत्तीस वर्षं घातली त्यामुळं थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बस.

आधी कॉन्सलचं. राजदूत हा राजाचा माणूस, तो राजधानीत राहतो, मेजवान्या झोडतो, तह-करार बघतो. कॉन्सल म्हणजे बंदरातला नाहीतर आडगावातला माणूस. आपल्या देशाचा खलाशी दारू पिऊन जेलात गेला तर सोडव, व्यापाऱ्याचे कागद कर, कोणी मेला तर त्याचं सामान घरी धाड, आणि वर्षाकाठी किती माल आला किती गेला याचा अहवाल लिही. कलेक्टर आणि नायब तहसीलदार यांच्यात जेवढं अंतर तेवढंच समज. केसमेंट आयुष्यभर हा दुसऱ्या जातीचा अधिकारी होता, आणि जे त्याला दिसलं ते राजदूताला कधीच दिसलं नसतं.

जन्म १ सप्टेंबर १८६४, डब्लिनजवळ सँडीकोव्हला. वडील इंग्रजी फौजेत कॅप्टन, १८४२ च्या अफगाण मोहिमेत होते. आई नऊ वर्षांचा असताना गेली, वडील तेराव्या वर्षी. उत्तरेकडच्या अँट्रिम भागात नातेवाईकांकडं वाढला. कॉलेज नाही, डिग्री नाही. सोळाव्या वर्षी लिव्हरपूलच्या एल्डर डेम्पस्टर नावाच्या जहाज कंपनीत कारकून लागला, टेबलावर मन लागेना म्हणून जहाजावर हिशोबनीस होऊन आफ्रिकेला गेला. १८८४ पासून काँगोत. म्हणजे ज्या लिओपोल्डचं बिंग यानं पुढं फोडलं, सुरुवातीला त्याच लिओपोल्डच्या संस्थेत हा पगारावर होता, रेल्वेच्या मोजणीत, सामान वाहून नेण्याच्या कामात. त्यालाही आधी वाटायचं की आपण सुधारणाच घेऊन चाललोय.

लिओपोल्ड दुसरा हा बेल्जियमचा राजा, पण काँगो बेल्जियमचा नव्हता, त्याच्या स्वतःच्या मालकीचा होता! १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपच्या सरकारांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले आणि याच सुमारास या एका माणसाच्या ताब्याला मान्यता मिळाली, बेल्जियमच्या पंच्याहत्तर-शहात्तर पट मोठा मुलूख. मालगुजार म्हणायचं तर असा मालगुजार जगात झाला नाही. सुरुवातीला हस्तिदंत. मग १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं (केसमेंट वाढला त्याच भागातलं शहर, बघ), जगाला सायकलचं वेड लागलं, नंतर मोटारी, आणि रबराचा भाव चढला. काँगोच्या जंगलात रबराच्या वेली होत्या. गावकऱ्यांनी आत जाऊन वेली चिरायच्या, तो चीक अंगावर चोपडून वाळवायचा आणि मग सोलून काढायचा, केसासकट. गावाला ठराविक वजनाचा कोटा. कोटा भरेपर्यंत बायका ओलीस. आणि शिपायाला मोजून काडतुसं दिलेली, प्रत्येक काडतुसाचा हिशोब पाहिजे, माणूस मारला याचा पुरावा म्हणून उजवा हात कापून आणायचा. शिपायानं काडतूस शिकारीवर उडवलं असेल तर हिशोब जुळवायला जिवंत माणसाचा हात. हे मी वर्गात शिकवायचो तेव्हा दरवर्षी एखादं पोरगं म्हणायचंच, सर, हे खरं नसेल.

मे १९०३ मध्ये इंग्रजांच्या संसदेत ठराव झाला आणि परराष्ट्र खात्यानं आपल्या काँगोतल्या कॉन्सलला तार केली, आत जा आणि बघून ये. तो तोवर लोरेन्सो मार्क्स, लुआंडा अशी बंदरं करून काँगोत बसलेलाच होता. आणि इथं त्याची हुशारी बघ. सरकारी बोटीनं फिरलास तर सरकार दाखवेल तेवढंच दिसणार. त्यानं अमेरिकन बाप्टिस्ट मिशनची 'हेन्री रीड' नावाची छोटी वाफेची बोट भाड्यानं घेतली आणि हवं तिथं थांबत, गावोगाव उतरत दोन-अडीच महिने वर गेला. यातल्या काही गावांत तो पंधरा-सोळा वर्षांपूर्वी राहून गेलेला होता, त्यामुळं पूर्वी इथं किती माणूस होतं हे त्याला सांगावं लागलं नाही. फेब्रुवारी १९०४ मध्ये अहवाल छापून आला.

बाकी नंतर लिहितो, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, फार वेळ स्क्रीन बघू देत नाहीत घरचे.

सातबारा (वाशिम जिल्हा)

मास्तर मस्तच. मी तलाठी आहे (आता नाव बदललंय आमचं पण गावात कोणी ते नवीन नाव घेत नाही), मला या माणसाची ओळख वेगळ्या वाटेनं झाली. प्रशिक्षणात एका सरांनी सांगितलं होतं की पंचनामा कसा असावा हे शिकायचं तर काँगोचा अहवाल बघा, तेव्हा हसलो होतो, नंतर वाचला.

तो अहवाल भाषण नाही राव. त्यात तो रडत नाही, ओरडत नाही. अमुक गावी गेलो, इतकी घरं मोजली, पूर्वी इतकी होती, अमुक माणूस पुढं आला, त्याला हे विचारलं, दुभाष्यानं असं सांगितलं, त्याचा हात मनगटापासून नव्हता. खाली परिशिष्टात जबान्या. वर्षाकाठी रबर किती गेलं आणि बदल्यात गावाला काय आलं याचाही हिशोब. वाचताना अंगावर काटा येतो तो याच कोरडेपणामुळं.

आणि गंमत (गंमत कसली) ऐका. एपोन्डो नावाचा एक पोरगा होता, हात तोडलेला. त्यानं रबर कंपनीच्या पहारेकऱ्याचं नाव घेतलं, केसमेंटनं सगळ्या गावासमोर दोघांना उभं करून जबानी घेतली. केसमेंट निघून गेला आणि राजाच्या माणसांनी त्याच पोराकडून उलटी जबानी लिहून घेतली, काय तर म्हणे हात रानडुकरानं चावून तोडला!

रानडुक्कर. मी गेली अकरा वर्षं रानडुकराच्या नुकसानीचे पंचनामे करतोय, मका झोपवला, भुईमूग उकरला, एकदा तर एका आजीला मांडीला धडक दिली. डुकराची जखम कशी फाटलेली असते आणि सुऱ्यानं तोडलेलं कसं दिसतं हे खेड्यातलं शेंबडं पोर सांगेल. पण कागदावर एकदा डुक्कर आलं की ते काढता काढता जीव जातो. इकडंही बघितलंय, कुठं ते सांगत नाही, बाधित क्षेत्र शून्य पूर्णांक वीसच लिहा असं वरून येतं आणि खालच्यानं सही करायची असते.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. केसमेंटनं अहवालात गावांची, माणसांची, आरोपी गोऱ्यांची सगळी नावं दिली होती. लंडनच्या परराष्ट्र खात्यानं छापताना नावं काढून टाकली आणि तिथं नुसती अक्षरं घातली. जबानी देणाऱ्यांना त्रास नको हे एक कारण, आणि राजाशी संबंध बिघडू नयेत ही धास्ती पण होतीच. तो इतका भडकला की राजीनाम्याची भाषा केली. बरोबर आहे ना भाऊ, नाव गेलं की हात तुटलेला पोरगा नुसता 'क्ष' होतो, आणि समोरचा म्हणायला मोकळा की असा कोणी नव्हताच.

शेवटी बोंबाबोंब झाल्यावर लिओपोल्डनं स्वतःच चौकशी आयोग नेमला, आपलीच माणसं म्हणून निर्धास्त होता, तर १९०५ मध्ये त्याच आयोगानं केसमेंटच्या बहुतेक गोष्टी खऱ्या धरल्या. १९०८ मध्ये काँगो राजाच्या हातून काढून बेल्जियम देशाकडं द्यावा लागला.

कॉटन सिटी (खामगाव)

माहिती चांगली हाये पण थोडं उलटं बोलतो, राग मानू नका. इंग्रजाले काँगोतल्या हाताचा एवढा कळवळा आला अन् आमच्या वऱ्हाडाचं काय? १८५३ मध्ये निजामाच्या उधारीत आमचा अख्खा मुलूख लिहून घेतला. अमेरिकेत यादवी झाली, मँचेस्टरले कापूस कमी पडला, तं इथं कापसाचा वेगळा कमिशनर आणून बसवला, खामगाव-अमरावतीलोक रेल्वेचे फाटे आणले. ते कोणाच्या सोयीसाठी? आमच्या पणज्याले ज्वारी सोडून पऱ्हाटी लावाले लागली अन् १८९९-१९०० च्या दुष्काळात खायले दाणा नव्हता. तवा कोणता कॉन्सल आला बोटीत बसून घरं मोजाले?

दुसऱ्याच्या वावरातलं तण लवकर दिसते, एवढंच म्हणतो.

जुना मास्तर (पुसद)

कॉटन सिटी, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि सांगू का, नेमकं हेच केसमेंटच्या डोक्यात शिरलं. म्हणून तो उलटला!

काँगोचा अहवाल देऊन तो १९०४ मध्ये आयर्लंडला बरेच दिवस राहिला. आयरिश भाषेच्या चळवळीत पडला, आपल्याच देशाचा इतिहास पुन्हा वाचायला लागला. १८४५ नंतरचा बटाट्याचा दुष्काळ, दहा लाखांच्या आसपास माणूस मेलं, तेवढंच देश सोडून गेलं, आणि त्याच काळात बंदरांतून धान्य इंग्लंडला जात होतं. काँगोत जे बघितलं ते त्याला घरी दिसायला लागलं, जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा, हिशोब तिसऱ्याच्या वहीत. इतिहास लिहिणाऱ्या एका मैत्रिणीला त्यानं पत्रात लिहिलं की काँगोच्या त्या जंगलात मला लिओपोल्ड सापडला आणि तिथंच मी स्वतःही सापडलो, कधी न सुधारणारा आयरिश माणूस. अर्थ माझ्या शब्दांत दिलाय, पण पत्र खरं आहे.

एक राहिलं. काँगोच्या चळवळीत त्याचा जोडीदार एडमंड मोरेल, हा पण त्याच एल्डर डेम्पस्टर कंपनीत कारकून! अँटवर्पच्या धक्क्यावर उभं राहून त्यानं बघितलं की जहाजं रबरानं भरून येतात आणि जाताना व्यापाराचा माल जवळपास नसतोच, बंदुका आणि काडतुसं जातात. मग रबराची किंमत देतो कोण? नुसत्या मालाच्या यादीवरून त्यानं गुलामी ओळखली. दोघांनी मिळून १९०४ मध्ये काँगो सुधारणा संघटना काढली, केसमेंटनं स्वतःच्या खिशातून १०० पौंड घातले, आणि तो काही श्रीमंत माणूस नव्हता.

पण नोकरी सोडली नाही, इथं धुऱ्यावरच्या पोऱ्याचा दोस्त बरोबर आहे. पोटापाण्याचा प्रश्न होता, सरळ आहे. १९०६ पासून ब्राझील, सांतोस, मग पारा, मग रिओला कॉन्सल जनरल. तिथून १९१० मध्ये पुतुमायो नदीच्या खोऱ्यात धाडला. हुलिओ आराना नावाच्या पेरूच्या माणसाची रबर कंपनी, पण नोंदणी लंडनची आणि संचालकांत इंग्रज साहेब. म्हणजे कॉटन सिटी, या वेळी तण स्वतःच्याच वावरातलं होतं. जंगलातले आदिवासी ब्रिटनचे कोणी लागत नव्हते, त्यामुळं इंग्रज कॉन्सलला तिथं नाक खुपसायचा अधिकार काय? तर कंपनीनं मुकादम म्हणून बार्बाडोस बेटावरून काळी माणसं आणली होती आणि ती ब्रिटिश प्रजा. त्या एका खुंटीवर सगळी चौकशी टांगली. त्यानं त्याच मुकादमांना बोलतं केलं, त्यांनी स्वतः मारलेले फटके स्वतःच्या तोंडानं सांगितले. लाकडी खोडे, उपाशी कोंडून ठेवणं, उइतोतो लोकांच्या पाठीवर चाबकाचे वळ इतके सर्रास की त्या वळांना मालकाच्या नावानं ओळखायचे. १९१२ मध्ये ते सगळं छापून आलं, संसदेची समिती बसली, कंपनी बुडाली. आराना मात्र जेलात गेला नाही, पुढं पेरूचा सिनेटर झाला आणि म्हातारा होऊन मेला.

याच कामासाठी १९११ ची 'सर' पदवी. आणि त्यानं आभाराचं पत्र फारच गोड लिहिलं होतं, तेच पत्र पुढं कोर्टात त्याच्या अंगावर आलं.

तहसील रोडचा चहा

एक नंबर धागा. हे पेपरात येईल का पण? मोजकं सांगा कोणी.

सातबारा (वाशिम जिल्हा)

मोजकं पाहिजे तर कुंजिका घे बाबा 😀

पायरीवरचा वकील (अचलपूर)

खटल्याचा भाग मी घेतो, कारण कायद्याच्या वर्गात हा खटला म्हणजे आमचा आवडता किस्सा होता.

१९१३ च्या उन्हाळ्यात केसमेंटनं नोकरी सोडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निघालेल्या आयरिश व्हॉलंटियर्स या आयरिश स्वयंसेवकांच्या दलात घुसला. १९१४ ला महायुद्ध लागलं तेव्हा तो अमेरिकेत पैसे गोळा करत होता, तिथून नॉर्वेमार्गे जर्मनीला. कल्पना अशी की जर्मनांच्या कैदेत जे आयरिश सैनिक आहेत त्यांची ब्रिगेड उभी करायची. लिम्बुर्गच्या छावणीत दोन हजारांवर आयरिश कैदी होते, तयार झाले जेमतेम पंचावन्न! उरलेल्यांनी त्याला शिव्या घातल्या, त्यांचे भाऊबंद त्याच वेळी जर्मनांच्या गोळ्या खात होते. इथं नेताजींशी तुलना थोडी तुटते, नेताजींच्या मागं हजारो गेले. जर्मनांनाही याचं ओझं व्हायला लागलं. त्यांनी २०,००० जुन्या रायफली 'आउड' नावाच्या जहाजातून पाठवल्या, माणसं एकही नाही. केसमेंटला कळून चुकलं की आयर्लंडमध्ये इंग्रजांविरुद्ध ठरलेला उठाव एवढ्यावर केला तर पोरं फुकट मरतील, आणि तो पाणबुडीत बसून निघाला तो उठाव थांबवायला. करायला नाही. हे तुमच्या फौजीच्या पोराला नक्की सांगा.

२१ एप्रिल १९१६, गुड फ्रायडे. यू-१९ पाणबुडीनं पहाटे केरी किनाऱ्याजवळ सोडलं, छोटी होडी लाटेत उलटली, भिजून, आजारी पडून तो एका जुन्या मातीच्या गढीत लपला आणि काही तासांत साध्या पोलिसांनी पकडला. खिशात बर्लिन ते विल्हेल्म्सहाफेन रेल्वेचं तिकीट! (आमच्या अशिलांपैकी निम्मे असल्याच गोष्टींनी अडकतात, पावती फेकत नाहीत.) जहाज इंग्रजांनी घेरलं, कप्तानानं बुडवलं. तीन दिवसांनी डब्लिनमध्ये उठाव झालाच.

आता कायदा. आरोप राजद्रोहाचा, कायदा १३५१ सालचा, म्हणजे आपल्याकडं बहामनी राज्य नुकतंच सुरू झालं होतं तेव्हाचा. भाषा जुनी फ्रेंच. शब्द असे की जो राजाच्या राज्यात राजाच्या शत्रूंना मिळेल, त्यांना साह्य देईल, राज्यात किंवा अन्यत्र. केसमेंटनं जे केलं ते जर्मनीत. मग 'किंवा अन्यत्र' हे नुसत्या साह्य देण्याला लागू की मिळण्यालाही? स्वल्पविराम कुठं आहे त्यावर माणसाचा जीव, आणि मूळ चर्मपत्रात आजच्यासारखे विराम नव्हतेच, दोन न्यायाधीश दप्तरखान्यात जाऊन ते डोळ्यांनी बघून आले. अर्थ सरकारच्या बाजूनं लागला. केसमेंट स्वल्पविरामावर लटकला असं म्हणतात ते यामुळं. एक अपील फेटाळलं, पुढं हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जायचं तर ॲटर्नी जनरलचा दाखला लागायचा, आणि ॲटर्नी जनरल कोण, तर खटला चालवणारा एफ. ई. स्मिथ स्वतः. दिला नाही. हाच स्मिथ दोन-तीन वर्षांपूर्वी अल्स्टरमध्ये (आयर्लंडचा उत्तरेकडचा भाग) सरकारविरुद्ध शस्त्र उचलायची भाषा करणाऱ्यांच्या व्यासपीठावर होता, आणि केसमेंटनं आरोपीच्या पिंजऱ्यातून ते त्याच्या तोंडावर सांगितलं.

परीक्षावाल्यांनी नोंद करा, हा एफ. ई. स्मिथ म्हणजेच पुढचा लॉर्ड बर्कनहेड, भारतमंत्री, ज्याच्या काळात सायमन कमिशन नेमलं आणि ज्यानं सगळ्यांना मान्य होईल अशी घटना लिहून दाखवा असं भारतीयांना आव्हान दिलं. नेहरू रिपोर्ट त्यातून आला.

आता डायरी. पोलिसांना त्याच्या जुन्या सामानात खाजगी डायऱ्या सापडल्या, त्यात त्याचे पुरुषांशी असलेले शरीरसंबंध लिहिलेले होते. दबकत लिहायचं काही कारण नाही. खटल्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण दयेसाठी अर्ज सुरू झाले होते, कॉनन डॉयल, बर्नार्ड शॉ अशी माणसं होती, अमेरिकेत सहानुभूती होती, तेव्हा सरकारी लोकांनी डायरीची पानं पत्रकारांना, पाद्र्यांना, अमेरिकेच्या राजदूताला गुपचूप दाखवली. एकेकाचं तोंड बंद झालं. बरीच वर्षं आयर्लंडमध्ये लोक म्हणायचे की डायऱ्या बनावट आहेत, २००२ मध्ये तज्ज्ञांनी अक्षर, शाई तपासून त्याच्याच म्हणून सांगितलं, तरी मानणारे न मानणारे अजून आहेत. माझं म्हणणं, डायरी खरी असेल तरी गुन्हा कोणाचा? ज्यानं स्वतःच्या वहीत लिहिलं त्याचा की ज्यानं फाशी पक्की करायला ती वाटली त्याचा? असे संबंध गुन्हा ठरवणारा कायदा, कलम ३७७, इंग्रजांनी आपल्यालाही दिला होता, सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरता तो आपल्या सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये मोडीत काढला.

'सर' पदवी काढून घेतली आणि ३ ऑगस्ट १९१६ ला पेंटनव्हिल तुरुंगात फाशी.

सेवाग्राम पॅसेंजर (वर्धा)

वकीलसाहेब छान लिहिलंत. मी एम.ए. करतेय, दोन गोष्टी जोडते.

एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनला उठाव झाला, त्याच महिन्यात टिळकांनी होमरूल लीग काढली, आणि होमरूल हा शब्दच मुळात आयर्लंडचा. टिळकांच्या लीगच्या क्षेत्रात वऱ्हाड आणि मध्य प्रांत होते, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे त्यात पुढं. म्हणजे इकडं वकील लोक सनदशीर मार्गानं जे मागत होते त्याचा उगम जिथं होता तिथं तोच शब्द बंदुकीपर्यंत गेला होता. आमच्या पुस्तकात हे दोन वेगळ्या पानांवर असतं.

दुसरं, केसमेंट बर्लिनमध्ये होता तेव्हाच तिथं वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय वगैरेंची भारतीय समितीही जर्मनांकडं शस्त्रं मागत होती. आणि आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर या अमेरिकेतल्या भारतीय क्रांतिकारकांच्या पक्षातून निघून इराणच्या बाजूला इंग्रजांशी लढत होते, तेच खानखोजे पुढं मेक्सिकोत मक्यावर संशोधन करणारे मोठे शेतीशास्त्रज्ञ झाले आणि शेवटी नागपूरला वारले. त्यांना कोणी गद्दार म्हणाल्याचं मी तरी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर इकडं त्यांना कोणी काहीच म्हणत नाही, नावच माहीत नसतं.

धुऱ्यावरचा पोऱ्या (तालुका दारव्हा)

बापा बापा, एवढं मिळन असं वाटलं नव्हतं. सगळं दोस्ताले वाचून दाखवलं, लाईन नव्हतीच, मोबाईलच्या उजेडात. तो आधी मधात मधात बोले, मंग ते उठाव थांबवाले आला होता तिथं आल्यावर गप झाला. म्हणे याले गद्दार म्हणलं ते वापस घेतो, पण त्या पंचावन्न पोरायचं काय, त्यायले तं यानंच फसवलं ना. यावर माह्याकडं उत्तर नाई. अन् तो हे बी म्हणते की १९१३ च्या ऐवजी १९०४ मध्येच नोकरी सोडली असती तं पैज मी आपखुशीनं हरलो असतो.

मास्तर, त्याची लाश कुठं हाये?

जुना मास्तर (पुसद)

तुझ्या दोस्ताला सांग, १९०४ मध्ये नोकरी सोडली असती तर पुतुमायोला कोण गेलं असतं? विचार करू दे त्याला रात्रभर.

लाश तुरुंगाच्या आवारातच चुन्यात पुरली होती. आयर्लंड मागत राहिलं, इंग्लंड नाही म्हणत राहिलं. १९६५ मध्ये हॅरॉल्ड विल्सनच्या सरकारनं अवशेष दिले, पण अट अशी की उत्तर आयर्लंडमध्ये न्यायचे नाहीत. त्याची स्वतःची इच्छा होती अँट्रिमच्या मर्लो उपसागराकाठी पुरावं, जिथं तो वाढला. ते राहून गेलं. डब्लिनच्या ग्लासनेव्हिन स्मशानात १ मार्च १९६५ ला सरकारी इतमामात दफन झालं. राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा तेव्हा ८२ वर्षांचे, आजारी, डॉक्टर जाऊ नका म्हणत होते, हवा अशी बोचरी, तरी जाऊन उघड्यावर उभे राहून बोलले. ते स्वतः १९१६ च्या उठावातले, त्यांनाही मृत्युदंडाची शिक्षा झाली होती, ते वाचले.

कॉटन सिटी (खामगाव)

माह्या कमेंटवर कोणी चिडलं नाई म्हणून बरं वाटलं. ते पुतुमायोचं मले माहीत नव्हतं, ते लंडनच्या कंपनीचं. पटलं. पण वऱ्हाडात घरं मोजाले कोणी आलं नाई हे बी तेवढंच खरं हाये, ते खोडून काढू नका.

धुऱ्यावरचा पोऱ्या (तालुका दारव्हा)

निकाल लागला मंडळी. चार प्लेटी त्याच्या, तीन माह्या. तर्री जास्तीची मारली तं ते ज्याची त्यानं द्याची असं ठरलं हाये.

सातबारा (वाशिम जिल्हा)

एक प्लेट झाकून ठेवा माझी. उद्या सकाळी डुकराचे तीन पंचनामे आहेत, उरकले की येतो.